भावंडांचे प्रेम व घरची आठवण

भुसावळ हे आगगाडीचे गाव. येथून पूर्वेस एक मार्ग नागपुराकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. पश्चिमेस जळगावाहून एक मुंबईकडे व एक सुरतेकडे फुटतो. ह्या भागातील पुष्कळ घरांचेही असेच झाले आहे. एका चुलीवर वाढलेली चार भावंडे नोकरीच्या निमित्ताने चार दिशांस जातात. बहीण सासरी जाते. प्रारंभी जाणे-येणे असते. पुढे आईबाप निवर्तले म्हणजे ते विरळ होते, आणि अखेरीस भावाची मुले बहिणीच्या मुलांस ओळखेनाशी होतात. कोणी कोणाचे वाईट केलेले नसते. कोणी काहीच केलेले नसते, इतकेच. यास्तव, भावंडांचे प्रेम कशाने टिकते, याचा प्रस्तुत धड्यात विचार करू.

आपल्याच जिल्ह्यातील एका घराचा दाखला घ्या. जळगावाजवळील असोदे गावी उखाजी महाजन व भिमाई यांच्या पोटी घमा, गना व घना हे तीन पुत्र आणि अहिल्या, सीता, तुळसा व बहिणा ह्या चार कन्या होत्या. ही बहिणा म्हणजेच प्रसिद्ध कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म १८८० साली झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावी सासरी आल्या, व पुढे ऐन तारुण्यात त्यांस वैधव्य प्राप्त झाले. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना व जात्यावर बसताना त्या ओव्या रचीत आणि गात. माहेरच्या वाटेचीही त्यांनी गाणी केली.

दळण सरले की ओवी वाऱ्यावर जावयाची, हीच सर्व घरची रीत. परंतु त्यांचे पुत्र सोपानदेव व मावसभाऊ पीतांबर चौधरी या दोघांनी त्या ओव्या वेळोवेळी कानी पडल्या तशा उतरून घेतल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते लिखाण आचार्य अत्रे यांस दाखविले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक छापून निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. एवढे मोठे धन राहिले ते कशाने? घरातील दोघा मुलांनी कान दिला व हाती लेखणी घेतली, याने. ह्यावरून आपण चार गोष्टी शिकू.

पहिली, एकत्र काम करावे. एका छपराखाली निजल्याने माया जडत नाही. एका कामाला हात लाविल्याने जडते. हिवाळ्यात आपल्या खानदेशात शेतावर भरीत होते. एकाने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणाव्या, एकीने वांगी निवडावी, तिसऱ्याने भाजलेली वांगी सोलावी, धाकट्याने मिरच्या मोजाव्या. पुढे भरिताची चव विसरेल. परंतु कोणाचा हात पोळला व त्यावर कोणी फुंकर घातली, हे भावंडे विसरत नाहीत. मात्र आईबापांनी एकास लाडका व दुसऱ्यास दोडका करू नये. याकोबाने योसेफास एकट्यास झगा दिला, आणि त्या घरात काय झाले ते आपण वाचलेच आहे.

दुसरी, बहिणीस बोलवावे. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. मुराळी घ्यावयास जातो, झाडांना झोके बांधितात. आपल्यांतील कित्येक घरांनी तो सण सोडिला, आणि त्याबरोबर बहिणीस आणावयास जाणेही सुटले, असे आमच्या पाहण्यात आहे. सण सुटला, परंतु बहीण का सुटावी? नाताळात म्हणा, सुगीनंतर म्हणा, वर्षाचा एक दिवस नेमावा. केवळ निरोप धाडू नये. भावाने स्वतः जाऊन तिला आणावे.

तिसरी, वाटणी न्यायाने करावी. बाप मृत्युपत्र न करिता मरण पावला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती घरात विधवेचा भाग काढून उरलेली मिळकत मुलगा व मुलगी यांस समसमान जाते. तथापि बहिणीपुढे कागद ठेवून ‘येथे अंगठा कर’ म्हणणारे भाऊ आहेत. ती राजीखुशीने सोडील तर तो तिचा अधिकार. परंतु माहेर तुटेल या भयाने तिने सोडिले, तर ते दान नव्हे. लहानपणच्या शंभर गोड आठवणी अशा एका दुपारीत कडू होतात.

चौथी, आठवण लिहून ठेवावी. येथे आम्हांस आमचाच दोष सांगितला पाहिजे. आमची आई दळताना जे म्हणत असे, ते आमच्या वडील बहिणीस पाठ होते. ‘पुढल्या खेपेस बसून लिहून घेऊ,’ असे आम्ही प्रत्येक वेळी म्हणत राहिलो. आम्ही शिकलेले, लेखणी नित्य हाती असलेले! बहीण एका पावसाळ्यात वारली. आज त्यांतील एक ओळही आमच्यापाशी नाही.

यास्तव वाचकांस विनंती की, ह्या आठवड्यात एक साधी वही आणावी. आजी, आत्या, मावशी, थोरला काका, जे कोणी हयात असतील, त्यांच्यापाशी मुलांस बसवावे. घर कोणी बांधिले, दुष्काळात काय खाल्ले, आजोबा कोणत्या गावाहून आले, भावंडांत कोण कोणास कडेवर घेऊन फिरे, हे विचारावे व त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावे. बोली सुधारू नये. ज्यांस लिहिता येत नाही, त्यांच्या घरी उपदेशकांनी जाऊन लिहून द्यावे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न: १. आपल्या बहिणीच्या घरी आपण शेवटी केव्हा गेलो? २. आपल्या मुलांस त्यांच्या सर्व आत्ये-मामे-मावस भावंडांची नावे सांगता येतात काय? ३. ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी प्रथम कोणी जावे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत देण्याचे कारण नाही. ते त्याच्या दारी जाऊनच द्यावे.