शेणवायूंतील कर्बाम्ल निवडणारा पडदा

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेणवायूचें संयंत्र आतां नवलाईचें राहिलें नाहीं. झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानच्या खटपटीनें तीं पुष्कळ गोठ्यांमागें उभीं आहेत. या वायूच्या शंभर भागांत सुमारें ५५ ते ६० भाग मिथेन असतो. जळतो तो हाच. उरलेला बहुतेक भाग कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, व कुजक्या अंड्याच्या वासाचा थोडा गंधकयुक्त वायु. चुलीस एवढें चालतें. परंतु वायु दाबून नळकांड्यांत भरावयाचा व त्यावर मोटार चालवावयाची, तर भारतीय मानकाप्रमाणें मिथेन निदान ९० भाग पाहिजे.

कर्बाम्ल पाण्यांत मिथेनपेक्षां कितीतरी पट विरतो, म्हणून पाण्यानें वायु धुण्याची रीत आहे. पण आपल्या विहिरी चैत्र-वैशाखांत तळ गांठतात, हें ध्यानांत असावें. दुसरी रीत पडद्याची. पॉलिमरच्या पातळ पडद्याच्या एका अंगास वायु दाबानें सोडला असतां कर्बाम्ल त्यांत विरून पलीकडे झिरपतो. त्याचा रेणु मिथेनच्या रेणूहून लहान आहे व तो पडद्यांत अधिक विरतोही. मिथेन बहुतांशीं अलीकडेच राहतो.

अडचण अशी कीं, जो पडदा वायूस लवकर वाट देतो तो निवड ढिली करतो, व जो चोख निवडतो तो मंद चालतो. ही मर्यादा रोबसन यांनीं १९९१ सालीं मांडली. ती ओलांडण्यासाठीं पॉलिमरमध्यें सिलिका, झिओलाइट इत्यादींचे कण मिसळतात; ते अत्यंत सूक्ष्म असतात. सच्छिद्र कण कर्बाम्लास जवळची वाट देतात. परंतु कणांच्या गुठळ्या झाल्या, किंवा पॉलिमर कणास नीट चिकटला नाहीं, तर काम बिघडतें. बांधांतील दगडाभोंवतीं माती न बसल्यास पाणी तेथूनच फुटतें. तसाच येथें वायु न निवडतां निसटतो. प्रयोगशाळेंतील बोटभर पडद्याचे आंकडे मोठ्या पडद्यास सहसा लागत नाहींत, तें यामुळेंच.

रोज ५० किलो शेणावर चालणाऱ्या दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रास असला पडदा लावणें म्हणजे पैसा व्यर्थ घालविणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे. अनेक गोठ्यांचें शेण एकत्र करणाऱ्या संस्थेनें मात्र विचार करावा. प्रथम लोखंडाच्या किसावरून नेऊन गंधकयुक्त वायु काढावा व ओल दूर करावी. विक्रेत्यास दोन गोष्टी लेखी विचाराव्या: कर्बाम्लाबरोबर मिथेन किती वायां जातो, आणि एक वर्ष चालविल्यावर पडद्याची निवड किती उरते.