गिरणीचे दळण आणि स्वस्त लॅपटॉप



दहावीचा निकाल लागला की आमच्या सातारा-सांगली भागात घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. ‘लॅपटॉप घ्यायचा का? आणि घ्यायचा तर कोणता?’ दुकानात गेल्यावर पंचावन्न-साठ हजारांच्या यंत्राशेजारी पंधरा-वीस हजारांचे एक सुबक, हलके यंत्र मांडलेले दिसते. दुकानदार म्हणतो, ‘अभ्यासाला हे पुष्कळ झाले. सगळे इंटरनेटवरच तर असते!’ दुकानदार खोटे बोलत नाही. पण तो पुरते खरेही बोलत नाही. यातले खरे किती आणि आपल्यापुरते खरे किती, हे शोधून काढण्याची रीत आज आपण पाहू.

एक यंत्र, दोन मालक

माझ्या माहितीतल्या दोन मुलांनी एकाच जातीचे स्वस्त लॅपटॉप घेतले. पहिली माझी भाची. ती सांगली शहरात अकरावीला कला शाखेत शिकते. निबंध लिहिणे, पाठ्यपुस्तके वाचणे, शिक्षकांना उत्तरे पाठवणे, गाणी ऐकणे एवढी तिची कामे. यंत्र घेऊन वर्ष झाले, तिची एकही तक्रार नाही.

दुसरा माझा विद्यार्थी, पाटण तालुक्यातील एका डोंगरी गावचा. त्याचे वडील वाशीच्या बाजारात माथाडीचे काम करतात. पाठीवर पोती वाहून साठवलेल्या पैशांतून त्यांनी मुलाला लॅपटॉप घेऊन दिला. तो मोठ्या उमेदीने तो प्रयोगशाळेत घेऊन आला आणि आमच्या मापन-उपकरणाची तार त्याला जोडली. काहीच घडले नाही! उपकरणाबरोबर आलेला प्रोग्राम फक्त विंडोज प्रणालीवर चालणारा होता. सुट्टीत गावी गेल्यावर दुसरी अडचण निघाली. घरात मोबाइलला रेंजच नाही. लिहायला बसायचे तर यंत्र घेऊन वरच्या टेकाडावर जावे लागे.

यंत्र दोघांचे सारखेच होते, बिघाडही कोणत्याच यंत्रात नव्हता. मग फरक कशात पडला? फरक होता कामात आणि ठिकाणात.

जाते आणि गिरणी

पूर्वी घरोघरी जाते असे. धान्य घरचे, कष्ट घरचे, पीठही घरातच. पुढे गिरणी आली. डबा घेऊन जायचे आणि पीठ घेऊन यायचे. घरात जात्याची जागा वाचली, श्रम वाचले. पण वीज गेली, रस्ता बंद झाला किंवा गिरणीवाला गावाला गेला, तर त्या दिवशी भाकरीची पंचाईत!

नेहमीचा संगणक हा घरच्या जात्यासारखा आहे. प्रोग्राम त्याच्या आत साठवलेला, माहितीही आत आणि आकडेमोड करणारा प्रक्रियकही आत. इंटरनेटवर भर देणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बरीच कामे दूरच्या मोठ्या संगणकांवर होतात, माहितीही तेथेच साठते. आपल्या यंत्राचे मुख्य काम म्हणजे ब्राउझर चालवणे, म्हणजे ने-आण करणे आणि आलेले दाखवणे. त्यामुळे त्याला जबर प्रक्रियक, मोठी स्मृती, मोठा साठा यांची फारशी गरज पडत नाही. किंमत कमी होते ती यामुळे.

उपमा फार ताणू नये. अशा यंत्रालाही स्वतःचा प्रक्रियक असतो आणि काही दळण ते घरीच दळते. इंटरनेट नसतानाही त्यावर उतरवून घेतलेले पुस्तक वाचता येते, आधी तशी सोय करून ठेवली असेल तर लेखनही करता येते. पण ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गिरणी बंद व्हायच्या आत डबा भरून ठेवला पाहिजे.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात एका मोठ्या संगणकाला अनेक साधी टंकयंत्रे जोडून सर्वांनी तो वाटून वापरण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. गूगल कंपनीने २००९ मध्ये क्रोम ओएस या प्रणालीची घोषणा केली आणि २०११ च्या जूनमध्ये सॅमसंग व एसर यांची पहिली क्रोमबुके विक्रीस आली. आपल्याकडे २०२३ च्या जुलैअखेरीस जिओबुकची नवी आवृत्ती निघाली. तेव्हा तिची किंमत १६,४९९ रुपये होती, स्मृती ४ गिगाबाइट, साठा ६४ गिगाबाइट आणि वजन एक किलोपेक्षाही थोडे कमी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एचपी कंपनीची क्रोमबुके चेन्नईजवळ तयार होऊ लागली.

आता मोजमाप करू

भौतिकशास्त्राचा पहिला नियम असा, की ‘पुष्कळ’ आणि ‘थोडे’ हे शब्द टाळावेत, आकडे मांडावेत.

एक तासाचा व्हिडिओ-पाठ घेऊ. मध्यम प्रतीच्या चित्रासाठी दर सेकंदाला १.५ मेगाबिट माहिती लागते असे धरू. तासाचे सेकंद ३,६००. म्हणून एकूण माहिती १.५ × ३,६०० = ५,४०० मेगाबिट. येथे पुष्कळ जण फसतात. वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि साठा ‘बाइट’मध्ये, ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ५,४०० ÷ ८ = ६७५ मेगाबाइट.

समजा, घरी रोज १.५ गिगाबाइट, म्हणजे सुमारे १,५०० मेगाबाइट मिळतील असे रिचार्ज आहे. १,५०० ÷ ६७५ = सुमारे २.२. म्हणजे सव्वादोन तासांत दिवसाचा कोटा संपला! त्यात घरातील बाकीच्यांचे मोबाइल धरलेलेच नाहीत. आणि असे १०० पाठ यंत्रात साठवायचे म्हटले तर ६७.५ गिगाबाइट जागा लागेल. ६४ गिगाबाइटच्या यंत्रात ते मावणारच नाहीत, कारण त्यातली बरीच जागा प्रणालीनेच व्यापलेली असते.

आता जमेची बाजू पाहू. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. ७.६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास यांचा गुणाकार ३८ वॅट-तास. स्वस्त यंत्राचा प्रक्रियक लहान, बऱ्याचदा पंखाही नसतो. ते सरासरी ५ वॅट शक्ती घेत असेल तर ३८ ÷ ५ = ७.६ तास चालेल. तीच बॅटरी १५ वॅट घेणाऱ्या यंत्राला जोडली तर अडीच तासांत संपेल. ज्या गावात दिवसाची वीज भरवशाची नाही, तेथे हा गुण फार मोलाचा आहे. यंत्र कमी ताकदीचे आहे म्हणूनच ते जास्त वेळ चालते, हेही ध्यानात घ्या.

डोंगराची सावली

पाटणच्या मुलाला घरात रेंज का मिळाली नाही? मोबाइलच्या लहरींची वारंवारता १,८०० मेगाहर्ट्झ धरली तर तरंगलांबी = प्रकाशाचा वेग ÷ वारंवारता = सुमारे १७ सेंटिमीटर. लहरी अडथळ्याला वळसा घालतात खऱ्या, पण अडथळा तरंगलांबीच्या मानाने प्रचंड असेल तर तो वळसा नगण्य असतो. १७ सेंटिमीटरच्या लहरींपुढे सह्याद्रीचा डोंगर म्हणजे भिंतच. त्यामुळे कोयना खोऱ्यात, जावळीत डोंगरामागे रेडिओ-सावली पडते. मिरज किंवा तासगावच्या सपाटीवर ही अडचण त्या मानाने कमी. जाहिरातीतला नकाशा तालुक्याचा असतो. तुम्हाला मात्र तुमच्या अभ्यासाच्या जागेवरचा वेग मोजायला हवा. सकाळी, दुपारी आणि रात्री असा तीनदा, आठ दिवस मोजा आणि वहीत तक्ता करा. रात्री आठ वाजता सारे गाव जागे असते. त्या वेळचा आकडा सर्वांत खरा मानावा.

कामांची तीन टोपल्यांत वाटणी

एक आठवडा डायरी ठेवा. संगणक असता तर त्यावर कोणते काम केले असते, ते रोज लिहा. मग ती कामे तीन टोपल्यांत टाका.

पहिली टोपली, ब्राउझरमध्ये होणारी कामे. पत्रे, निबंध, साधे कोष्टक, व्हिडिओ-पाठ, जिओजेब्रावर आलेख काढणे. मराठी विश्वकोशही येथेच येतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तेव्हा तो पाहायला ग्रंथालय गाठावे लागे, आता तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. या टोपलीसाठी स्वस्त यंत्र अगदी योग्य.

दुसरी टोपली, आधी उतरवून ठेवून इंटरनेटशिवाय होणारी कामे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. ‘फेट’ या नावाची विज्ञानाची आभासी प्रात्यक्षिके उतरवून घेता येतात आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. येथेही स्वस्त यंत्र चालते, फक्त साठा आणि शिस्त हवी.

तिसरी टोपली, विशिष्ट प्रोग्राम मागणारी कामे. वाणिज्य शाखेत टॅली, तंत्रनिकेतनात पूर्ण स्वरूपाचे ऑटोकॅड, छापखान्यात श्रीलिपीसारखी जुनी अक्षरजुळणी, प्रयोगशाळेतील उपकरणांचे प्रोग्राम. हे बहुधा विंडोजसाठी बनवलेले असतात. काही क्रोमबुकांवर लिनक्सची सोय सुरू करून पायथन शिकता येते, पण ४ गिगाबाइट स्मृतीत ते रखडत चालते.

तिसऱ्या टोपलीत एक जरी काम असेल आणि त्यावाचून तुमचे शिक्षण अडणार असेल, तर बाकीच्या दोन टोपल्या कितीही भरलेल्या असोत, स्वस्त यंत्र घेऊ नये. येथे बेरीज चालत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते.

किंमत वर्षाच्या हिशेबाने

आणखी एक आकडा खोक्यावर ठळकपणे दिसत नाही. प्रणालीतील उणिवा दुरुस्त करणारी अद्ययावतने किती वर्षे मिळणार? २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकांना ती दहा वर्षे मिळतील, असे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. पण ही दहा वर्षे तुम्ही यंत्र घेतल्यापासून मोजत नाहीत. ते मॉडेल ज्या संचावर आधारलेले आहे, तो प्रथम बाजारात आल्यापासून मोजतात. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेल्या यंत्राची तीन वर्षे तेथेच सरलेली असतात.

म्हणून भागाकार करा. २०,००० रुपयांचे यंत्र, अद्ययावतनाची पाच वर्षे शिल्लक, तर वर्षाला ४,००० रुपये. १६,००० रुपयांचे यंत्र, दोनच वर्षे शिल्लक, तर वर्षाला ८,००० रुपये. मग स्वस्त कोणते? जुने विंडोज यंत्र घेतानाही हेच पाहावे. विंडोज १० ची मोफत अद्ययावतनांची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपलेले यंत्र बंद पडत नाही, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. लिनक्स घालून मात्र असे यंत्र अभ्यासासाठी पुन्हा कामाला लावता येते.

एक प्रयोग

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निश्चय केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. त्यांचा हेतू वेगळा आहे, पण आपल्या प्रयोगाला तो नमुना म्हणून छान आहे. शाळेतील किंवा मित्राच्या संगणकाचे इंटरनेट दीड तास बंद करा आणि फक्त त्याच्या आधारे उद्याचा गृहपाठ पुरा करून पाहा. कोठे अडला ते लिहून ठेवा. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठी लोकांना दीड तास नव्हे, कित्येक दिवस असे काढावे लागले होते.

पाटणच्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही विचार केला, की विंडोजचा प्रोग्राम कशासाठी हवा? फक्त मापे गोळा करण्यासाठी. तेवढे काम तो प्रयोगशाळेच्या संगणकावर करतो, आकड्यांची फाइल पेनड्राइव्हवर घेतो आणि आलेख आपल्या यंत्रावर काढतो. गावी जायच्या आधी शनिवारी तो महाविद्यालयात पुढच्या दिवसांचे पाठ उतरवून घेतो. ‘सर, आठवड्याचे दळण आणलंय,’ असे म्हणतो. काम भागले, पण प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षीचे काही काम त्या यंत्रावर होणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. घेण्यापूर्वी आठ दिवस वहीत हिशेब केला असता, तर त्याच पैशांत मुदत शिल्लक असलेले एखादे वापरलेले साधे यंत्र त्याला अधिक उपयोगी पडले असते.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वही उघडा. त्या वहीला चाळीस रुपये पडतात. त्या मानाने ती वाचवते पुष्कळ.

विचार करा

१. तुमच्या घरच्या इंटरनेटचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट आहे. ६७५ मेगाबाइटचा पाठ उतरवायला किती मिनिटे लागतील? (उत्तर : २२.५)

२. ४५ वॅट-तासांची बॅटरी सहा तास चालते. यंत्राची सरासरी शक्ती किती? (उत्तर : ७.५ वॅट)

३. वारंवारता ९०० मेगाहर्ट्झ असेल तर तरंगलांबी किती? डोंगरामागे ही लहर १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा बरी पोहोचेल की वाईट? कारण द्या.

४. वर्गातील दहा मुलांच्या कामांच्या तीन टोपल्या करा. किती जणांना स्वस्त यंत्र पुरेल? शिक्षकांच्या मदतीने तक्ता फलकावर लावा.