एक डिसेंबरच्या आत चेनकेस उघड

अगं, स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, घेतलीस ते उत्तम केलंस. मिशिगनमधल्या हॉटनसारख्या गावात हिवाळा खोलीत बसून काढला तर माणूस मार्चपर्यंत कोमेजून जातं. हेल्मेट, हातमोजे, ट्रेल परमिट यांबद्दल तुला पन्नास जण सांगतील. मी बोलणार आहे चेनकेसबद्दल, आणि त्यातल्या टेन्शनर नावाच्या एका लहानशा भागाबद्दल. जुनी स्लेड घेताना सगळे इंजिनाचा आवाज ऐकतात, ट्रॅकचं रबर दाबून बघतात, आणि चेनकेसचं झाकण उघडायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आधी तुझ्या मशीनमध्ये चेन आहे ना, ते बघ. पोलारिसने २०१३ पासून काही मॉडेलांत चेनऐवजी दात्यांचा बेल्ट दिला; तशी असेल तर हे पुढचं बहुतेक तुला लागू नाही. पण जुन्या स्लेडमध्ये चेनच असण्याची शक्यता जास्त.

आतली रचना अवघड नाही. इंजिनाची ताकद पहिल्या क्लचवरून रबरी बेल्टने दुसऱ्या क्लचकडे जाते, तिथून जॅकशाफ्टकडे. जॅकशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, बहुतेक स्लेडमध्ये उजव्या हाताला, तेलाने भरलेली बंद पेटी असते. तीच चेनकेस. वर छोटं स्प्रॉकेट, खाली मोठं, आणि दोन्हींवरून फिरणारी पातळ पट्ट्या जोडून केलेली रुंद चेन. खालचं स्प्रॉकेट ड्राइव्हशाफ्टला आणि ड्राइव्हशाफ्ट ट्रॅकला फिरवतो. थ्रॉटल दिला की चेनची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी सैल पडते. त्या सैल बाजूला दाबून धरणारा पॅड किंवा रोलर म्हणजे टेन्शनर. बऱ्याच मॉडेलांत तो बाहेरच्या बोल्टने पुढेमागे करता येतो, काहींत स्प्रिंगवर आपोआप सरकतो.

एवढ्याशा पॅडसाठी मी इतकी का मागे लागले आहे, ते ऐक. पुष्कळ स्लेडमध्ये ब्रेकची डिस्क जॅकशाफ्टवर असते, म्हणजे चेनच्या वरच्या बाजूला. चेन तुटली तर तू ब्रेक कितीही आवळ, तो जॅकशाफ्टला थांबवेल. खाली ट्रॅक मोकळाच फिरत राहील. उतारावर, समोर झाडी असताना, हे घडलेलं मला नको आहे. काही नव्या मशीनमध्ये डिस्क खालच्या ड्राइव्हशाफ्टवर असते. तुझी कुठे आहे ते आजच टॉर्च घेऊन बघ. वर असेल तर टेन्शनरची काळजी ही ब्रेकचीच काळजी समज.

टेन्शनर एका दिवसात जात नाही. चेन वापराने लांबते, पॅड झिजतो, मधली ढील वाढते. मग थ्रॉटल सोडला-दिला की चेन पॅडवर आपटायला लागते. पॅडला चीर जाते, तुकडा सुटतो, तो दात्यांत अडकतो आणि चेन दाते सोडून उडी मारते. कधी सैल चेन पेटीची भिंतच घासत राहते. ही पेटी ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची असते, लोखंडापुढे टिकत नाही. भोक पडलं की तेल बाहेर, आणि मग उरलेलं सगळं कोरडं घासतं. या दरम्यान मशीन तुला सांगत असतं: हळू वेगात खालून खडखड येते, थ्रॉटल देताना आधी एक गचका बसतो आणि मग स्लेड पुढे सरकते. हेडफोन लावून चालवत जाऊ नकोस, निदान पहिले काही दिवस.

आता हात घालायचं काम. बोल्टवाला टेन्शनर असेल तर मैत्रिणीला बरोबर घे. इंजिन बंद आणि गार. एकीने दुसरा क्लच मशीन पुढे जाताना जसा फिरतो त्या दिशेला फिरवून धरायचा, म्हणजे चेनची सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला येते. दुसरीने चेक नट सैल करून आतला बोल्ट बोटांनी आवळायचा. बोटांनीच हं, पाना लावायचा नाही. चेन भेटल्याचं बोटांना कळतं. बोल्ट आधी सुरसुर फिरतो आणि मग एकदम घट्ट लागतो. तिथे थांबून बऱ्याच मॉडेलांत पाव फेरा मागे घेतात, आणि बोल्ट हलू न देता चेक नट आवळतात. तुझ्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल, तोच धर. नंतर ब्रेक न लावता ब्रेकची डिस्क हाताने पुढेमागे हलव. किंचित खेळ जाणवला पाहिजे.

हा किंचित खेळ लोकांना सहन होत नाही. आपल्याकडे मोटारसायकलची चेन जरा लोंबली की गॅरेजवाल्याला “अजून ताण रे” म्हणायची सवय असते, ती इथे आणू नकोस. जास्त ताणलेली चेन पॅड खाते, दोन्हीकडच्या बेअरिंगांवर भार टाकते आणि चालताना बारीक शीळ घातल्यासारखा आवाज करते. माझं ठाम मत आहे की सैल चेनला घाबरून पान्याने आवळणारी माणसं टेन्शनर लवकर मारतात. आणि बोल्ट आत जाऊन जाऊन संपत आला असेल तर तो आणखी आत ढकलण्यात अर्थ नाही. चेन लांबली आहे, पॅड झिजला आहे, बदलायची वेळ झाली. बदलताना स्प्रॉकेटचे दाते नीट बघ. ते आकड्यासारखे वाकले असतील तर नवी चेन त्यांवर बसवू नकोस, तीही तशीच झिजेल. चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि पॅड एकत्र बदलणं महाग वाटतं, पण स्वस्त पडतं.

तेलाकडे ये. बऱ्याच पेट्यांमध्ये डिपस्टिकच्या किंवा ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असतो. तो पुसण्याआधी त्यावरचा काळपट लेप अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळ. काजळासारखा मऊ लागला तर रोजची झीज आहे. टोचलं, चमचमणारे कण दिसले, तर झाकण उघडायचंच. प्लास्टिकचा कपचा सापडला तर तो पॅडचाच असण्याची शक्यता मोठी. तेल दुधट दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय; तेच तेल ठेवून हंगाम काढू नकोस. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खुणेपर्यंतच भर, वर नाही, आणि चेनकेससाठी असतं तेच वापर. खालच्या पत्र्यावर तेलाचे डाग दिसले तर ड्राइव्हशाफ्टचा ऑइल सील किंवा झाकणाचं पॅकिंग तपास.

मिशिगनचे ट्रेल १ डिसेंबरला उघडतात आणि ३१ मार्चला बंद होतात. म्हणजे हे सगळं नोव्हेंबरमध्ये, गॅरेजात हात गोठत नाहीत तेव्हा उरक. नवी चेन बसवली असेल तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा बघ, कारण ती सुरुवातीलाच थोडी लांबते.

आणि सकाळी ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असेल तेव्हा थ्रॉटलने तो सोडवू नकोस, हे मी हात जोडून सांगते. तो धक्का सरळ चेनवर जातो. मागची बाजू उचलून आपट, ट्रॅकमधला बर्फ लाथेने पाड, मग हळू निघ. रात्री स्लेड फळीवर उभी केलीस तर ही कटकट बरीच कमी होते. उडी मारताना हवेत थ्रॉटल दाबून ठेवणं हाही तसाच मार: ट्रॅक वेगात फिरत असतो, जमिनीला टेकताक्षणी अडतो, आणि मधला सगळा झटका चेनला बसतो.

एवढं करूनही वाटेत चेन गेली तर? हॉटनच्या आजूबाजूचा, किविनॉ द्वीपकल्पाचा बर्फ तू बघितला आहेस. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच पडला होता, त्याची पाटी यूएस-४१ महामार्गावर उभी आहे. तशा बर्फातून चालत परतायचं मनात आणू नकोस, आणि कॉपर हार्बर गावाच्या बाजूला फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नकोस. म्हणून एकटी कधीच जाऊ नकोस. इंजिन बंद कर, थ्रॉटल देऊन “चालतेय का बघू” नको. तुटलेली चेन आतल्या आत पेटी फोडते. क्लचवरचा रबरी ड्राइव्ह बेल्ट काढ आणि मैत्रिणीच्या स्लेडने ओढून घे. ओढायला दोरी वापरू नकोस. तुझ्या स्लेडचा ब्रेक तेव्हा ट्रॅक थांबवत नसेल, आणि उतारावर तू पुढच्या स्लेडवर जाऊन आदळशील. त्याऐवजी लोखंडी टो बार स्लेडवर बरोबर ठेव. डीलरकडे मिळतो.