लोणावळ्याच्या फादरांवर बंदी आली होती का?

प्रश्न : लोणावळ्यात ध्यान शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंना रोमने धर्माबाहेर काढलं आणि त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली, असं ऐकलं. ते योग शिकवत, म्हणून का?
– एक वाचक, वडगाव मावळ

उत्तर : तुम्ही विचारताय ते फादर अँथनी डिमेलो. त्यांना धर्माबाहेर कुणीही, कधीही काढलं नाही. ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले, तेव्हाही ते येशूसंघाचे धर्मगुरूच होते.

योगाचा घोळ बहुधा कैवल्यधामामुळे झाला असावा. ती स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात काढलेली संस्था. डिमेलोंची साधना इन्स्टिट्यूट निराळी. ती पुण्यात डी नोबिली कॉलेजात सुरू झाली आणि पुढे लोणावळ्याला आली. फादर आणि सिस्टर तिथे समुपदेशन व प्रार्थनेचं मार्गदर्शन शिकायला येत.

डिमेलो ध्यानाकडे का वळले, हे त्यांच्या कामातून कळतं. बार्सिलोनात तत्त्वज्ञान, पुण्यात धर्मशास्त्र, १९६१ मध्ये गुरुदीक्षा, मग शिकागोत मानसशास्त्र असा त्यांचा अभ्यास. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आखून दिलेली मौनसाधना लोकांकडून करवून घेणं हे त्यांचं मुख्य काम. तिथे वर्षानुवर्षं एकच तक्रार कानी येई : प्रार्थना करतो, पण जमत नाही. त्यांचं निदान असं, की माणसं प्रार्थनेतही विचारच करत बसतात. म्हणून ते आधी श्वासाकडे, अंगावरच्या संवेदनांकडे, कानावर पडणाऱ्या आवाजांकडे लक्ष द्यायला लावत. यात विपश्यनेची छाप उघड दिसते, आणि त्यांनी ती लपवली नाही. १९७८ च्या ‘साधना’ या पुस्तकात हे सारं आहे. सूफी, झेन, हिंदू गोष्टी ते पुढच्या पुस्तकांत सांगू लागले.

आता रोमचं. २४ जून १९९८ रोजी, म्हणजे निधनानंतर ११ वर्षांनी, व्हॅटिकनने एक सूचनापत्र काढलं. त्यावर कार्डिनल रॅत्झिंगर यांची सही होती; हेच पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. डिमेलोंच्या सुरुवातीच्या लेखनावर पौर्वात्य प्रभाव असला तरी ते ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे, असं पत्रातच म्हटलं आहे. आक्षेप मुख्यतः नंतरच्या लेखनावर : त्यात देव निराकार, अस्पष्ट होतो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो. असे विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, हा इशारा होता. श्वासावर लक्ष ठेवण्याबद्दल ही तक्रार नव्हती.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या नावावरची काही पुस्तकं निधनानंतर भाषणांवरून तयार झाली. ‘अवेअरनेस’ १९९० चं. त्यावर लेखकाचा शेवटचा हात फिरलेला नाही, आणि आक्षेपांना उत्तर द्यायला ते स्वतः हयात नव्हते. तेव्हा वाचायचं तर ‘साधना’पासून सुरुवात करा. त्यातले पहिले, श्वासाचे आणि शांततेचे अभ्यास कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येतील.