आजीचा एमसीएचसी 48!

गेल्या डिसेंबरात आजीचा ब्लड रिपोर्ट आला आणि घरात सगळे गप्पच झाले. तांबड्या पेशी 21 लाख, म्हणजे जवळपास निम्म्या! एमसीव्ही 118, हिमॅटोक्रिट 24.8. बाबा म्हणाले, "रक्त द्यावं लागणार बहुतेक." माझं लक्ष मात्र हिमोग्लोबिनकडे गेलं. ते चक्क 12 होतं.

पेशींचा आकार नॉर्मल असेल तर हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट हिमॅटोक्रिट येतो, म्हणजे इथे 36 हवा. एमसीएचसी, म्हणजे पेशीत हिमोग्लोबिन किती दाटीनं भरलंय ते, 32 ते 36 असतं. आजीचं 48.4! पेशीत एवढं मावतच नाही. म्हणजे आजी नाही, आकडाच आजारी होता.

मित्रांनो, रिपोर्टमधले सगळे आकडे मोजलेले नसतात. कुल्टरचं पेटंट 1953 चं. बारीक छिद्रातून करंट सोडायचा, पेशी गेली की रेझिस्टन्स वाढतो आणि पल्स मिळते. पल्स किती आल्या ते काउंट, पल्सची उंची म्हणजे आकार. दोन्हींचा गुणाकार करून बरीच मशिन्स हिमॅटोक्रिट काढतात. हिमोग्लोबिनचं तसं नाही. तिथे पेशी फोडून प्रकाश किती शोषला जातो ते बघतात.

आजीला नुकताच न्यूमोनिया होऊन गेला होता. त्यानंतर कधीकधी रक्तात अशा अँटीबॉडीज तयार होतात की थंडीत पेशी एकमेकींना चिकटतात. सँपल पहाटे घरी घेतलेलं, बर्फाच्या डब्यातून गेलेलं. दोन पेशी चिकटून गेल्या की मशीनला एकच जाडी पेशी दिसते, मोठा गठ्ठा तर मोजलाच जात नाही! फोडलेल्या पेशींना मात्र चिकटण्याचा प्रश्नच नाही, म्हणून 12 खरं.

डॉक्टरांनी लॅबला सँपल 37 डिग्रीला गरम करून लगेच परत लावायला सांगितलं. पेशी 40.5 लाख, एमसीव्ही 89, एमसीएचसी 33.3!

पण एमसीएचसी बरोबर म्हणजे रिपोर्ट बरोबर, असंही नाही हं. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त घेतलं तर सगळंच सारख्या प्रमाणात पातळ होतं. गुणोत्तर तेच राहतं, आकडे एकमेकांशी छान जुळतात, आणि तरी खोटे! तिथे मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघावं लागतं.

या अँटीबॉडीज थंडीत पेशी फोडूही शकतात, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत बोलावलं. तोवर आजी घरातसुद्धा हातमोजे घालून बसायची. दुसऱ्या वेळी बाबांनी सँपल शर्टाच्या खिशात, छातीशी धरून नेलं. हिमोग्लोबिन 12.1.