तापणारे इंजिन : कारण कसे शोधावे

मुळशी तालुका हा पावसाचा आणि भाताचा प्रदेश आहे. आषाढात खाचरे पाण्याने भरली म्हणजे चिखलणी व लावणी यांची एकच घाई उडते. पूर्वी चिखलणीचे काम सर्वस्वी बैलांवर अवलंबून असे. आता अनेक ठिकाणी ते पॉवर टिलरने केले जाते. थकलेला बैल घटकाभर विसावा दिल्यास पुन्हा उभा राहतो. परंतु तापलेले इंजिन तसेच दामटले, तर पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसतो आणि दुरुस्तीत लावणीचे दिवस निघून जातात. भाताची रोपे साधारणपणे 21 ते 25 दिवसांची असताना लावावयाची असतात. ती गादीवाफ्यातच जून झाली तर फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. यासाठी इंजिन का तापते हे शेतकऱ्यास स्वतः ओळखता आले पाहिजे.

उष्णता कोठे जाते

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामी येतो. जवळजवळ तितकाच भाग धुरावाटे निघून जातो. उरलेली बहुतेक उष्णता पाण्याने बाहेर वाहून न्यावयाची असते. तेव्हा इंजिन तापण्याची मुळे दोनच : उष्णता बाहेर पडत नाही, किंवा ती प्रमाणाबाहेर निर्माण होत आहे. पुढील सर्व तपासणी या दोन गोष्टी ध्यानात ठेवून करावी.

जुन्या पद्धतीच्या काही इंजिनांना रेडिएटर नसून वर पाण्याची उघडी टाकी असते. अशा टाकीतून वाफ येणे हा दोष नव्हे. मात्र पाण्याची पातळी सतत राखली पाहिजे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी नसतेच. तेथे सिलिंडरवरील पत्र्यांच्या फटी व पंख्याची जाळी चिखल आणि तूस यांपासून मोकळी ठेवावी.

इंजिन तापताच काय करावे

प्रथम भार काढावा. पाणी गेलेले नसेल तर इंजिन मंद गतीने दोन-तीन मिनिटे चालू ठेवून मग बंद करावे. पाणी संपले असेल किंवा वाफेचा लोट येत असेल, तर ते ताबडतोब बंद करावे. रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे ते 100 अंशांच्या वर तापलेले असते. झाकण निघताच ते उसळून तोंड व हात भाजतात. निदान अर्धा तास थांबावे, आणि इंजिनास हात लावता येऊ लागल्यावर जाड फडक्याने झाकण सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो.

केव्हा तापते हे पाहावे

चालू केल्यापासून पाच-दहा मिनिटांतच इंजिन तापत असेल, तर पाणी कमी आहे, पाणी फिरत नाही, किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे, असा संशय घ्यावा. तासभर जड काम केल्यानंतरच तापत असेल, तर रेडिएटर बुजलेला असणे, आत क्षार धरणे किंवा भार जास्त होणे ही कारणे संभवतात. तापण्याबरोबर काळा धूरही येत असेल, तर भार, एअर क्लीनर आणि नोझल यांकडे लक्ष द्यावे.

बाहेरून आत तपासावे

तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरू करावी. इंजिन बंद व थंड असताना पुढील क्रम पाळावा :

1. पाण्याची व वंगण तेलाची पातळी पाहावी. पाणी वारंवार कमी होत असेल तर होजपाइप, क्लिपा, खालचा कॉक व पाण्याचा पंप येथे ओल शोधावी.

2. रेडिएटरची जाळी उजेडाकडे धरून पाहावी. मळणीतील तूस किंवा चिखलाचे शिंतोडे अडकले असतील तर आतील बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवावे. टोकदार खिळ्याने कोरू नये.

3. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. तो साधारणपणे अर्धा इंच दबावा. अधिक दबल्यास पट्टा घसरतो व पंखा मंद फिरतो. पट्ट्यावर तेल असल्यास पुसून काढावे.

4. झाकणाचे रबर पाहावे. ते फाटले असल्यास दाब टिकत नाही व पाणी लवकर उकळते.

5. थर्मोस्टॅट असल्यास तो काढून, पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगून पाणी तापवावे. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही तर बदलावा. तो कायमचा काढून टाकणे योग्य नव्हे.

6. एअर क्लीनर साफ करावा. चिखलणीत शक्तीबाहेरचा गिअर किंवा फार खोल काम टाळावे.

खाचरातील पाणी भरू नये

घाईच्या वेळी खाचरातलेच गढूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. हे फार नुकसानकारक आहे. त्यातील गाळ अरुंद नळ्यांत बसतो. विहिरीचे क्षारयुक्त पाणीही, बंबाच्या आत जसे पांढरे पुट धरते, तसेच पुट इंजिनाच्या आत धरते. ते पुट उष्णता अडवते. मुळशीत पावसाचे पाणी मुबलक आहे. पहिले काही पाऊस जाऊ देऊन पन्हळीचे पाणी पिंपात धरावे व फडक्याने गाळून वापरावे. त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळल्यास गंज व क्षार या दोहोंस आळा बसतो.

मिस्त्रीकडे केव्हा न्यावे

थंड इंजिनाचे झाकण काढून ते चालू करावे. पाण्यातून सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा वंगण तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर पाणी व तेल यांची वाट एक झाली आहे, अथवा सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे, असे समजावे. असे इंजिन पुढे मुळीच चालवू नये. नोझल, फवारणीची वेळ व पाण्याचा पंप यांची दुरुस्तीही जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. मिस्त्रीस नुसते "तापते" असे न सांगता, केव्हा तापते, पाणी किती कमी होते व धूर कसा आहे, हे सांगावे. त्यामुळे निष्कारण हेड उघडण्याचा खर्च वाचतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ज्येष्ठातच, रोपे वाफ्यात असताना, गावातील टिलर एकत्र आणवून वरील सहा गोष्टींची तपासणी करून दाखवावी. एका यंत्रास या कामी तासभर पुरतो. लावणीच्या ऐन भरात यंत्र बंद पडले, तर शेजाऱ्याचे यंत्रही मोकळे नसते. म्हणून ही तपासणी पाऊस स्थिरावण्यापूर्वी उरकून घेणे इष्ट होय.