डावा हात, उजवा अर्थ

प्रश्न : मी ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. मेक्सिकोतले एक इंजिनिअर माझ्याकडे शिकतात. परवा ते म्हणाले, 'कॅन यू थ्रो मी द हँड?' मला क्षणभर कळेचना. स्पॅनिश तर इंग्रजीला आपल्यापेक्षा कितीतरी जवळची भाषा. मग हातासारख्या साध्या शब्दावर त्यांची गाडी का अडावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी अडते ती जवळिकीमुळेच. तुमचे विद्यार्थी मदत मागत होते. स्पॅनिशमध्ये मदतीचा हात 'टाकतात'. स्पेनमध्ये 'एचार उना मानो' म्हणतात आणि मेक्सिकोत सर्रास 'एचामे ला मानो'. त्यांनी ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत आणलं. अर्जेंटिनाचा विद्यार्थी असता तर त्याने घरच्या सवयीने हात 'दिला' असता, तो इंग्रजीशी तंतोतंत जुळला असता आणि तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं.

जे वाक्प्रचार साफ वेगळे असतात, त्यांचा त्रास फारसा होत नाही. 'हँड्स डाऊन' जिंकणं घ्या. हे घोड्यांच्या शर्यतीतून आलं. जॉकी इतका पुढे गेलेला असतो की लगाम सैल सोडून हात खाली घेतले तरी चालतात. स्पॅनिशमध्ये इथे हाताचा संबंधच नाही, त्यामुळे विद्यार्थी मुकाट्याने पाठ करतो. रंगेहाथ पकडण्याचंही तसंच. इंग्रजीतला लाल हात पंधराव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या कायद्यातला, म्हणजे रक्ताने माखलेला. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीने तो पुढे घरोघरी पोचवला. स्पॅनिश चोर सापडतो तो 'कोन लास मानोस एन ला मासा', म्हणजे हात कणकेत असताना. स्पेनच्या सरकारी टीव्हीवर १९८४ ते १९९१ या काळात ह्याच नावाचा पाककृतींचा कार्यक्रम होता. आपले लाचखोर मात्र खरोखरच रंगतात. लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून ठेवतात आणि सापळ्यानंतर साहेबांची बोटं द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होतं.

खरी फसगत होते ती बारा आणे जुळणाऱ्या ठिकाणी. तिथे विद्यार्थी बिनधास्त भाषांतर करतो. एखादं गाव पुरतं माहीत असेल तर स्पॅनिश माणूस ते 'तळहातासारखं' ओळखतो, इंग्रज मात्र हाताच्या पाठीसारखं. तळहात म्हटला तरी समोरच्याला अर्थ कळतो, फक्त तो गालातल्या गालात हसतो. हातातल्या एका पक्ष्याची किंमत इंग्रजीत झुडपातल्या दोन पक्ष्यांइतकी, तर स्पॅनिशमध्ये उडणाऱ्या शंभरांहून जास्त. असल्या चुकांनी कुणाचं बिघडत नाही, सोडून द्या.

बिघडतं ते डाव्या हाताने. स्पॅनिशमध्ये एखाद्याकडे 'मानो इस्किएर्दा', म्हणजे डावा हात असणं ही मोठी तारीफ आहे. माणसं न दुखावता काम काढून घेण्याची हातोटी, असा तिचा अर्थ. युनियनचा पुढारी आणि मालक यांना एका टेबलावर बसवतो, त्याच्याकडे तो हात असतो. इंग्रजीत 'लेफ्ट-हँडेड' तारीफ म्हणजे कौतुकाच्या वेष्टनातली टपली. तुमच्या विद्यार्थ्यांनी मुलाखतीत आपल्या जुन्या साहेबांविषयी 'ही हॅज अ लेफ्ट हँड' असं भक्तिभावाने सांगितलं, तर ऐकणारा म्हणेल, बरं, मग उजवा कुठे गेला? उजव्या हाताबाबत मात्र काळजी नको. साहेबाचा 'उजवा हात' दोन्हीकडे सारखाच, आणि आपल्याकडेही.

'मानो आ मानो'ची गंमत उलटी आहे. हे स्पॅनिश शब्द इंग्रजीने जसेच्या तसे उचलले, आणि पुष्कळ इंग्रजी बोलणाऱ्यांना 'मानो' म्हणजे 'मॅन' वाटतं, म्हणून ते 'मर्दाची मर्दाशी गाठ' असा अर्थ काढतात. मुळात ते हाताशी हात. नेहमीच्या तिघांऐवजी दोनच मातादोर आळीपाळीने बैलांना सामोरे जातात, त्या झुंजीला हे नाव आहे. पण दोघांनी मिळून एखादं काम केलं तरी स्पॅनिशमध्ये ते 'मानो आ मानो'च. आता तुमचे इंजिनिअर 'माय वाइफ अँड आय कुक्ड हँड टू हँड' म्हणाले, तर इंग्रजीत ती थेट हातघाई होते. स्वयंपाकघरात लाटणी चालली असंच ऐकणाऱ्याला वाटणार.

शिकवताना सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर मी एकही वाक्प्रचार न घेता 'माय'पासून सुरुवात करीन. रोमन सुभेदार पिलाताने जबाबदारी झटकत हात धुतले, ते दोन्ही भाषांना बायबलमधून मिळाले, अर्थही एकच. तरी स्पॅनिश विद्यार्थी 'आय वॉश्ड द हँड्स' म्हणतो. कारण त्याच्या भाषेत अवयवाला मालकाचं नाव लागत नाही. क्रियापदावरून कळतंच की हात कुणाचे. हात बांधलेले असोत, दुखत असोत किंवा खिशात असोत, 'द' काही सुटत नाही. तुम्हाला हे चटकन उमगेल, कारण आपणही नुसते 'हात धुतले' म्हणतो, 'माझे हात धुतले' म्हणत नाही. इंग्रजीला मात्र दर वेळी सातबारा दाखवावा लागतो. ही एक खोड सुटली की निम्मे वाक्प्रचार आपोआप नीट होतात.

'हँड' जिथे क्रियापद होतो, म्हणजे हँड इन, हँड आउट, हँड ओव्हर, ते वेगळं प्रकरण आहे. स्पॅनिशमध्ये त्यांसाठी वेगळीच क्रियापदं आहेत, तेव्हा तिथे घोकंपट्टीला इलाज नाही.

आणि हो, हे इंजिनिअर एखाद्या दिवशी तुम्हालाच 'मानो' म्हणून हाक मारतील. तेव्हा हाताकडे बघत बसू नका. मेक्सिकोत तो 'एर्मानो'चा, म्हणजे भावाचा, शेपटाकडचा तुकडा आहे. 'बोल भावा' म्हणा आणि तास चालू ठेवा.